अकरा वर्षांचं गहाण आणि मीटरभर सरकलेला बांध

सकाळी सात वाजता ग्रामकार्यालयाच्या ओसरीवर एकाच शेताचे चार कागद मांडले होते आणि चारही कागदांवर नाव वेगळं होतं.

२०२३ चा ऑगस्ट. मध्य जावातला क्लातेन जिल्हा, डेलांगूच्या बाजूचं भाताचं गाव. इंडोनेशियात २०१७ पासून गावच्या गाव घेऊन सगळ्या जमिनींची एकदम मोजणी आणि नोंदणी चालू आहे. तिचं नाव पेतेएसएल. आमच्या तुकडीत सही करण्याचा अधिकार परवानाधारक स्थानिक मोजणीदाराचा. उपग्रहावर चालणारं यंत्र, कच्चा नकाशा आणि क्षेत्राचा हिशोब एवढं माझ्याकडे. महाराष्ट्रात गावठाणांच्या ड्रोन मोजणीवर काम केलेल्या माणसाला हे सोपं वाटावं, पण इथे सातबारा नाही. गावाकडे 'बुकु चे' नावाची जुनी वही असते. तिच्यात खातेदाराचं नाव, त्याच्या तुकड्यांचे क्रमांक, जमिनीची प्रत आणि क्षेत्र. म्हणजे आपल्या आठ-अ शी तिचं नातं जास्त जवळचं. ती मुळात जमीन-करासाठी लिहिली गेली, हक्कासाठी नाही. १९८६ पासून नवा कर आला, तेव्हा जुन्या वहीचं करापुरतं काम संपलं. पण खरेदी, वाटणी, वारस यांसाठी गाव अजून तीच उघडतं.

आता ते चार कागद. वहीत मूळ मालकाचं लहानपणचं नाव होतं, जुन्या स्पेलिंगात. 'उ' साठी 'ओए' लिहिण्याची पद्धत १९४७ साली गेली आणि 'ज' साठी 'डीजे' लिहिण्याची १९७२ साली, तरी जुन्या माणसांच्या कागदांवर दोन्ही सापडतात. गहाणाच्या पावतीवर त्यांचं लग्नानंतरचं नाव. जावात पुरुष लग्न झाल्यावर 'थोरलं नाव' घेतो आणि पुढे गाव त्याला त्याच नावाने ओळखतं. मृत्यूच्या दाखल्यावर दोन्ही नावं एकत्र, नव्या स्पेलिंगात. आणि जमीन-कराच्या चालू पावतीवर, म्हणजे एसपीपीटीवर, भलत्याच माणसाचं नाव: ज्याच्याकडे शेत गहाण होतं त्याचं.

पहिल्या तीन नावांचा गुंता सुटतो. गावप्रमुख 'नाव वेगळं, माणूस एकच' असा दाखला देतो, दोन जाणते शेजारी साक्षीला लागतात. चौथ्या नावाने मात्र सकाळचे दोन तास घेतले.

मालक वारलेले. मुलगा गावातच, बहीण तांगेरांगला कारखान्यात. ती रात्रीच्या बसने निघून पहाटे क्लातेनला उतरली, तिथून लोकल पकडून डेलांगूला आली. योग्याकार्ता ते सोलो ही विजेवरची लोकल २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हा कुठूनही कुठेही ८,००० रुपिया, पैसे रोख चालत नव्हते. स्टेशनपासून गावापर्यंत मात्र मोटारसायकलच. शेतात जायलाही तीच: सिमेंटच्या शेतरस्त्यावर निम्मं अंतर, पुढे पाटाच्या काठाने, आणि शेवटचे दोनेकशे मीटर यंत्राचा दांडा खांद्यावर घेऊन बांधावरून.

गहाण २०१२ सालचं. रक्कम ८० लाख रुपिया, साध्या पावतीवर, मुद्रांक चिकटवून. गावात या व्यवहाराला 'सेंदे' म्हणतात: पैसे घ्यायचे, शेत द्यायचं, आणि पैसे परत करीपर्यंत पीक सावकाराचं. व्याज वेगळं नाही, पीक हेच व्याज. मुदत लिहीत नाहीत. अकरा वर्षं त्या शेतात समोर बसलेल्या गृहस्थांनी, म्हणजे सावकारांनी, पिकवलं, कर भरला, आणि कर भरणाऱ्याच्या नावाने पावती निघू लागली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "ताई, पैसे आणा, शेत घ्या. मी कधी नाही म्हटलं?"

ते खोटं बोलत नव्हते. गावाची रीत तशीच आहे. कायदा वेगळा आहे आणि तो कायदा १९६० सालचा आहे, हे तिथे बसलेल्या बहुतेकांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. १९६० चा ५६ क्रमांकाचा कायदा, कलम ७: शेतजमिनीचं गहाण सात वर्षं झालं की, उभं पीक काढल्यावर एका महिन्याच्या आत जमीन मालकाला परत द्यायची आणि मुद्दल मागायचं नाही. सात वर्षं व्हायच्या आत मालकाला सोडवायचं असेल तर रकमेचं सूत्र दिलेलं आहे. साडेसातातून झालेली वर्षं वजा करायची, साताने भागायचं, मूळ रकमेने गुणायचं. तीन वर्षं झाली असती तर साडेचार भागिले सात गुणिले ८० लाख, म्हणजे ५१ लाख ४३ हजार रुपियाच्या आसपास. इथे अकरा झाली होती, उत्तर शून्य.

यामागचा हिशोब शेताकडे पाहिला की पटतो. हा पट्टा झऱ्यांच्या पाण्यावरचा, वर्षाला तीन पिकं निघतात. वीस गुंठ्यांच्या त्या तुकड्यात एका हंगामाला साधारण टनभर ओलं भात. मुद्दल पहिल्या काही वर्षांतच पिकातून वसूल झालेलं असतं. गहाण ठेवणारा मात्र एकरकमी पैसे उभे करू शकत नाही म्हणूनच गहाण ठेवतो, आणि तीच अडचण त्याला पुढे बांधून ठेवते. कितीदा तर तो स्वतःच्याच शेतात अर्धेलीने राबतो. 'मारो' म्हणजे निम्मं पीक, 'मर्तेलू' म्हणजे तीनात वाटणी. या घरातला मुलगा सहा वर्षं तेच करत होता.

गावाच्या चारिकने, म्हणजे ग्रामसचिवाने, कलम दोनदा मोठ्याने वाचलं. मग कुणी काही बोलेना. दोन्ही घरं एकाच गल्लीतली, एकमेकांच्या स्लामतानला, म्हणजे घरच्या सामूहिक जेवणाला, पानात पान घेऊन बसणारी. अशा वेळी कायदा दाखवून मोजणी पुढे रेटली तर काम एका दिवसात होतं आणि चौदा दिवसांत मोडतं. कारण मोजणीनंतर नकाशा आणि मालकांची यादी गावात १४ दिवस लावली जाते. त्या मुदतीत हरकत आली आणि प्रकरण वादात गेलं की तुकडा पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जातो. पहिल्या गटाला प्रमाणपत्र मिळतं, दुसरा निकालाची वाट पाहत पडून राहतो. सावकाराला २० वर्षांच्या भोगवट्याचा आधार घेता येतो का, असंही कुणीतरी विचारलं. नाही येत. एक तर वर्षं भरत नाहीत, आणि तो भोगवटा मालक म्हणून, प्रामाणिक समजुतीने करायला लागतो. मुद्रांक लावलेली गहाणाची पावती खिशात ठेवून ते म्हणता येत नाही.

तोडगा चारिकने काढला, आणि तो गावाला साजेसा होता. उभं पीक गृहस्थांचं. तीन आठवड्यांनी कापणी झाली की शेत परत. मुद्दल मागायचं नाही, पण भावंडांनी स्वखुशीने ३० लाख रुपिया 'ताली आसिह' म्हणून द्यायचे. ताली आसिह म्हणजे प्रेमाची दोरी. भरपाई नव्हे, नातं तुटू नये म्हणून दिलेलं. जबाबात तो शब्द मुद्दाम तसाच लिहून घेतला, 'परतफेड' लिहिलं नाही. परतफेड लिहिलं असतं तर गहाण त्या दिवसापर्यंत जिवंत होतं असा अर्थ निघाला असता. दोन साक्षीदार, गावप्रमुखाची सही, १०,००० रुपियाचा मुद्रांक.

मग वाटणी. भावाने आधी 'सपिकुल सगेंदोंगान' काढलं: पुरुष कावडीला दोन ओझी लावून नेतो, बाई पाठीच्या झोळीत एक, म्हणून दोनास एक. बहिणीला सारखा वाटा हवा होता. इथे कायद्याच्याच एका दुसऱ्या अडचणीने वाट दाखवली. शेताच्या तालुक्याबाहेर राहणाऱ्याला शेतजमीन धरून ठेवता येत नाही. लगतच्या तालुक्यात राहणाऱ्याला सूट आहे, पण तांगेरांग दुसऱ्या टोकाला. वारसाला एक वर्षाची मुदत मिळते, तेवढ्यात गावी येऊन राहायचं किंवा जमीन तिथल्या माणसाच्या नावे करायची. घराच्या परसाला, 'पकारांगान'ला, ही अट नाही. तेव्हा शेत भावाच्या नावे, रस्त्याकडेचं परस बहिणीच्या नावे. परसाचा तुकडा लहान, पण मीटरमागे त्याचा भाव शेताच्या वर. दोघांनाही ते पटलं. वारसांचा कागद वारसच लिहितात, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात, गावप्रमुख आणि तालुक्याचा अधिकारी त्यावर शिक्का देतात.

शेतावर पोचेपर्यंत अकरा वाजले. भात पोटरीच्या पुढे गेलेलं, लोंब्या वाकायला लागलेल्या. वाण रोजोलेले श्रीनुक. जुना रोजोलेले उंच वाढून लोळायचा आणि पाच महिने घ्यायचा. हा बुटका आहे, चारेक महिन्यांत तयार होतो.

लगतधारक हजर असल्याशिवाय मोजणी होत नाही. पूर्वेला बेंगकोक जमीन होती, म्हणजे गावाच्या कर्मचाऱ्याला पगाराऐवजी कसायला दिलेली. तिथे कसणाऱ्याची सही घेऊन चालत नाही, गावाच्या वतीने गावप्रमुखाची लागते. ही चूक फार होते आणि पुढे सगळा संच परत येतो. उत्तरेला शेतरस्ता, दक्षिणेला पाट, पश्चिमेला एक म्हातारे शेतकरी.

वहीत क्षेत्र २,१०० चौरस मीटर. चार कोपरे घेतले, यंत्र प्रत्येक कोपऱ्यावर स्थिर होऊ दिलं, फितीने बाजू ताडून पाहिल्या. आलं १,९९८. फरक १०२. क्षेत्रात किती फरक चालतो याचा ठोकताळा म्हणजे क्षेत्राच्या वर्गमुळाचं निम्मं, इथे २२ चौरस मीटर. वहीतला आकडा करासाठी घेतलेला, त्याला मोजणीचा दर्जा नाही हे खरं; तरीही जवळपास पाचपट फरक सोडून देण्यासारखा नव्हता.

पाटाकडचा उलगडा लवकर झाला. पाट रुंद केला तेव्हा काठ ८० सेंटीमीटर आत आला होता, शेताची रुंदी २८ मीटर, म्हणजे २२ चौरस मीटर तिथे गेले. उरलेले ८० पश्चिमेच्या ७५ मीटर लांब बांधात होते.

भातशेताचा बांध जागचा हलतो तो कुणाच्या दुष्टपणाने नव्हे. दर हंगामाला चिखलणीच्या आधी कुदळीने बांधाची बाजू तासतात, गवत आणि उंदरांची बिळं निघावीत म्हणून. त्याला 'नाम्पिंग' म्हणतात. मग ओल्या चिखलाने तीच बाजू लिंपतात, ते 'मोपोक'. एका बाजूचा माणूस जास्त तासतो आणि दुसऱ्या बाजूचा जास्त लिंपतो, तेव्हा बांध एका हंगामात बोटभर सरकतो. वर्षाला तीन हंगाम धरा आणि अकरा वर्षं. त्यात गहाणदाराला बांध राखण्याची घाई नसते, शेत त्याचं नसतं.

मूळ रेषा कुठे होती? बांधावर तुरीची झाडं होती (तिथे तुरी म्हणजे आपला हदगा), पण ती चार-सहा वर्षांत बदलतात, पुरावा म्हणून निकामी. मुलाने पाटाच्या काठावरच्या आंदोंगकडे बोट दाखवलं. तांबड्या लांब पानांचं हे झुडूप जावात हद्दीवर आणि दफनभूमीत लावतात. तोडलं तरी बुंध्यातून फुटतं, म्हणून. ते उभं होतं म्हाताऱ्यांच्या भातात, आजच्या बांधापासून १ मीटर ५ सेंटीमीटर आत. दुसऱ्या टोकाला रस्त्याखालच्या जुन्या दगडी मोरीची कडही तेवढ्याच अंतरावर. दोन्ही बिंदू यंत्राने घेतले, रेषा जोडली, आणि हिशोब आला २,०७७. पाटात गेलेले २२ त्यात मिळवले तर वहीतल्या आकड्याला एक चौरस मीटर कमी.

म्हातारे आंदोंगपाशी उकिडवे बसले, बुंध्यावरची माती हाताने बाजूला केली. "नुवुन सेवू," ते म्हणाले, म्हणजे माफी असावी, "हे तुझ्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून लावलं. भात काढू दे, मग बांध तिथे घालू."

ते नाही म्हणाले असते तर? तेव्हा आज दिसणारा बांध हीच तात्पुरती हद्द धरून मोजायचं आणि नकाशाच्या कागदावर 'सहमती नाही' लिहायचं. नंतर ते बदलणं महाग पडतं. प्रमाणपत्र निघून पाच वर्षं उलटली आणि ते प्रामाणिकपणे मिळवलेलं असलं, तर हरकतीचा रस्ता जवळपास बंद होतो.

खुणा त्याच दिवशी रोवायच्या होत्या, पण घरच्यांनी दोन दिवस थांबायला सांगितलं. तो वडील गेले त्या वाराचा आणि पासारानचा, म्हणजे बाजार-दिवसाचा, मेळ होता. सात वार आणि लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन हे बाजाराचे पाच दिवस यांचा मेळ ३५ दिवसांनी फिरून येतो, आणि मृत्यूच्या मेळावर कुठलंही काम सुरू करत नाहीत. थांबलो. अशा कारणासाठी दोन दिवस देण्यात काही जात नाही.

खूण म्हणजे काँक्रीट भरलेला प्लास्टिकचा पाइप, लांबी किमान १०० सेंटीमीटर, व्यास ५. पैकी ८० जमिनीत, २० वर, वरचा भाग तांबडा रंगवलेला. सरकारी दरात, जावासाठी तुकड्यामागे दीड लाख रुपिया, तीन खुणा आणि एक मुद्रांक बसतो. चौथी खूण मालकाने घ्यायची. खूण चिखलात कधी रोवू नये. मऊ चिखलात पाइप एका हंगामात कलतो, आणि चिखलणीच्या यंत्राची दाती अडकली की चालवणारा तो उपटून बांधावर फेकतो. दोन बांध मिळतात त्या घट्ट मातीत रोवायची. पश्चिमेच्या दोन खुणा मात्र उभ्या भातातच गेल्या. त्यांच्याभोवती हात-दीड हाताचं भात कापून, खाली दगड घालून माती ठोकली. कापलेल्या लोंब्या मुलाने म्हाताऱ्यांच्या टोपलीत टाकल्या.

जुन्या वहीच्या उताऱ्यांना सरकारने २०२१ च्या नियमात पाच वर्षं दिली होती: २ फेब्रुवारी २०२६ नंतर ते हक्काचा पुरावा नाहीत, केवळ नोंदणीसाठी एक दिशा. त्या गावात अजून दोन तुकडे गहाण आहेत असं चारिकने निघताना सांगितलं. एक नऊ वर्षांचं, एक चार वर्षांचं. चार वर्षांच्या गहाणाचं सूत्र त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं: साडेसात वजा चार, भागिले सात. मग त्याने आकडा काढला, बरोबर निम्मा. आणि मालकाच्या घराकडे मोटारसायकल वळवली.