व इतर

बुधवार, रात्रीचे पावणेबारा. पाण्याची पाळी खरं तर उद्या पहाटेची, पण गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की आज रात्रीच सोडणारेत, म्हणून जागी. तशीही झोप आली नसतीच.

झालंय काहीच नाही. म्हणजे खरंच, कुणाला सांगायला गेलं तर दीड वाक्यात संपेल. वर्गात कॅमेरे बसवायच्या आमच्या प्रकल्पाची सोमवारी मीटिंग होती, तिचं इतिवृत्त आज दुपारी ग्रुपवर आलं, एकपानी पीडीएफ, मी डबा खाता खाता उघडलं. उपस्थितीत आठ नावं, प्रत्येकाच्या पुढे डॉ. नाहीतर प्रा., आणि आठव्या नावाखाली नुसतं "व इतर". मी दोनदा वाचलं. मग झूम करून वाचलं, जसं काही मोठं केल्यावर त्या "इतर"मधून मी बाहेर डोकावणार आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती डब्यात, अर्धी तशीच परत आणली. आईने डबा उघडून बघितला आणि काही बोलली नाही, ते आणखी वाईट.

सव्वादोन तासांची मीटिंग. त्यात निदान पाऊण तास मी बोलत होते. कुठलं काम कधी हे दाखवणारा तो गँट चार्ट माझा, अंदाजपत्रक माझं, जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, टाकायचे तांत्रिक तपशील माझे. साठवणीचा हिशोब तर मी रविवारी मैत्रिणीच्या घरी हळदी-कुंकवाला बसून फोनच्या कॅल्क्युलेटरवर केलेला. एका कॅमेऱ्याचं तासाभराचं रेकॉर्डिंग ४ एमबीपीएसने धरलं तरी १.८ जीबी, वर्गात कॅमेरे तीन, दिवसाचे पाच तास, म्हणजे दिवसाला २७ जीबी. सहावी ते आठवीला कायद्याने शाळेचे दिवस किमान २२०, म्हणजे वर्षाला सहा टीबीच्या आसपास. आणि हे एकाच प्रतीचं. नियम असा की प्रती तीन, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, म्हणजे अठरा टीबी झालं की पहिल्याच वर्षी. हे सांगत असताना एक सर म्हणाले, एवढं कशाला, एक मोठा पेनड्राइव्ह घ्या. सगळे हसले, मीही हसले. मी का हसले कळत नाही.

त्या सरांचं नाव तिसरं आहे यादीत.

माझं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की एक दिवस तांत्रिक खंड, त्या दिवशी मी कुणीच नसते, दुसऱ्या दिवशी परत रुजू. ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही, ऑर्डरवर सही करताना माहीतच होतं. पण "व इतर" लागलं. पुण्यात असते तर, असं आलं होतं मनात. तो विषय नको.

आई या सगळ्याला "तुझी ती कॅमेऱ्याची शाळा" म्हणते. डीपीआरमधलं, म्हणजे प्रकल्प अहवालातलं, नाव सव्वादोन ओळींचं आहे, शैक्षणिक संशोधन, पायाभूत, सामायिक, सुविधा, सगळं त्यात आलं. आईचंच बरोबर आहे. एक वर्ग, त्यात कॅमेरे, शेजारच्या खोलीतून एका बाजूनेच दिसणारी काच, खाली सर्व्हर, आणि घरात तेलुगू बोलणारी पोरं मराठी शाळेत गणित नेमकी कुठल्या भाषेत करतात हे उद्या कुठल्याही कॉलेजच्या कुणाही संशोधकाला अर्ज करून बघता यावं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात हे बघायला कॅमेरा कशाला, पानटपरीवर उभारलं तरी कळतं, असं पप्पा म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

तर जेवण झाल्यावर मी ठरवलं की सरांना मेसेज टाकायचा. नम्रपणे. "सर, इतिवृत्तात एक किरकोळ दुरुस्ती सुचवायची होती." टाइप केला, खोडला, "किरकोळ" काढलं, परत घातलं. मग म्हटलं आधी वर्ड फाइल बघू, दुरुस्ती करूनच पाठवू, म्हणजे मागितल्यासारखं वाटणार नाही. यावेळचं इतिवृत्त त्या नवीन मुलाने लिहिलंय, बिचारा साधा आहे, मागच्या मीटिंगची फाइल उघडून तारीख आणि विषय बदलतो. शेअर फोल्डरमध्ये फाइल सापडली. तिच्याआधीची उघडली, त्यातही "व इतर". तिच्याआधीची, तिच्यातही. असं करत करत जुलैमधल्या पहिल्या फाइलपर्यंत गेले आणि प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून माझंच नाव.

मीच लिहिलंय. "व इतर" माझं आहे. आपलेच दात आपलेच ओठ.

पहिल्यांदा खरंच हसू आलं, एकटीच हसले, आईने आतून विचारलं काय झालं गं, म्हटलं काही नाही, रील बघतेय. मग आठवायला लागले की जुलैमध्ये "इतर" म्हणजे कोण होतं. तिघं होते. वायरमन काका, लायब्ररीतल्या ताई, आणि पालकांच्या वतीने आलेल्या अक्का.

काका त्या दिवशी दारातच उभे होते, खुर्च्या कमी पडल्या म्हणून. मी सर्व्हर रूम वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या पश्चिमेच्या खोलीत दाखवली होती, कारण ती रिकामी होती आणि नकाशात छान बसत होती. काका म्हणाले, "मॅडम, लोड बसंना की हितं. आन् मे महिन्यात दुपारी तीनला या खोलीत नुसतं उभारून बघा." सर्व्हरला हवा लागते १८ ते २७ डिग्रीची, सोलापूरचा मे ४३ चा, हे मला पाठ होतं, पण खोली कुठली हे मी कागदावर बघितलेलं. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं तर असं आहे की २५च्या वर दर आठ-दहा डिग्रीला आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणजे पाच वर्षांची बॅटरी त्या खोलीत दोन-तीन उन्हाळ्यांत गेली असती. खोली खाली, उत्तरेला हलवली. दोन एसी आळीपाळीने, अर्थिंग वेगळं, विजेचा मंजूर भार वाढवायचा अर्ज आधी आणि टेंडर नंतर. हे सगळं आता गँट चार्टमध्ये माझ्या रंगात, माझ्या ओळीत आहे.

आणि अक्का. विड्या वळता वळता उठून आलेल्या, बोटांना तंबाखूचा वास. मी संमतीपत्र वाचून दाखवलं, २०२३च्या डेटा कायद्याने अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते वगैरे, मराठीत होतं पण ते कुणाचं मराठी होतं देव जाणे. त्यांनी सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "पोरगं वर्गात रडलं, तर ते बी ठेवणार का तुम्ही?"

कुणीच काही बोललं नाही. त्या एका वाक्याने माझा सहा आठवड्यांचा आराखडा मोडला. कारण उद्या त्या पोराच्या आईने "ते काढून टाका" म्हटलं तर तीन प्रतींतून काढावं लागणार, दुसऱ्या इमारतीतल्यासकट, आणि त्यासाठी कुठलं पोर कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये किती मिनिटांनी आहे याची सूची आधी हवी, जी कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हती. ताई म्हणाल्या, सूचीचं मी बघते, पुस्तकांचं तेच करते मी वीस वर्षं. संमती मग तोंडी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत रेकॉर्ड करून ऐकवायची ठरली, अंगठा नंतर.

सोमवारी मी ही रेकॉर्डिंग पुसण्याची सोय दाखवली तेव्हा स्लाइडवर लिहिलं होतं "आमच्या टीमची संकल्पना". सर म्हणाले, हे फार छान झालंय. मी थँक यू सर म्हटलं.

म्हटलं मी.

ते आठवलं आणि सरांचा मेसेज पूर्णच खोडला. एवढं काही मी वाईट माणूस नाही, असंही वाटतंय. चार्टमध्ये १४ जानेवारीच्या आसपासचा आठवडा मी कोरा ठेवलाय, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत सोलापुरात ना पालक भेटणार ना ठेकेदार, हे मीच भांडून घातलं होतं, "जोखीम : गड्डा" असं लिहिलेलं, त्यावरही सगळे हसले होते. ३१ मार्चच्या आत खर्च नाही झाला तर पैसे परत, म्हणून सगळ्यांना एकेक दिवस खेचायचा असतो. पण हे मी स्वतःची बाजू मांडतेय हे मला कळतंय.

तर आता ठरवलं की दुरुस्ती करायचीच, पण सगळ्यांची. सोमवारी काका होते, मंजूर भाराचं पत्र घेऊन आले होते. ताई होत्या. अक्का शेवटची दहा मिनिटं. आणि मी. "व इतर" खोडलं, नववा क्रमांक टाकला आणि थांबले. काकांचं नाव काय? फोनमध्ये "वायरमन काका डिपार्टमेंट" आहे. अक्का "अक्का विडी घरकुल". ताईंचं नाव माहितीये, आडनाव लग्नाआधीचं लावतात की नंतरचं ते नाही. सहा महिने झाले, रोज फोन. रात्री साडेबाराला कुणाला विचारणार, सकाळी विचारते, आणि विचारायचं तरी कसं, "काका, तुमचं नाव काय हो?"

तूर्त स्वतःचंच नाव नवव्या ओळीत टाकून बघितलं. टाकलं आणि खालची सही दुसऱ्या पानावर गेली. तेव्हा आठवलं. जुलैमध्ये हेच झालं होतं, पानभर नुसती एक सही, वाईट दिसत होतं, म्हणून मी तिघांना मिळून "व इतर" केलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

फॉन्ट १२चा ११ केला. एक ओळ बसली. १० केला, अजून एक. खाली टाकीत पाण्याचा आवाज सुरू झालाय, आई उठलीये, मोटार लाव म्हणतेय. अजून दोन बसायच्यात.