गावातला एकुलता एक बर्गंडीवाला

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा जोन ऑफ आर्कच्या, इंग्रजांविरुद्ध फ्रान्सकडून लढलेल्या त्या पोरीच्या, खटल्याची जबानी वाचत बसले. साल 1431, गाव रुआं. तिला विचारतात, तुझ्या गावचे लोक कुठल्या पक्षाचे? ती म्हणते, दोम्रेमीत बर्गंडीच्या बाजूचा एकच माणूस मला ठाऊक होता, आणि त्याचं मुंडकं उडालं असतं तरी मला चाललं असतं. वर पुस्ती, देवाची इच्छा असेल तर!

वेदीवरच्या संत जोनपेक्षा मला ही जोन जास्त खरी वाटते. शेजारचं माक्से गाव बर्गंडीच्या ड्यूकच्या, म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या फ्रेंच सरदाराच्या बाजूचं, दोम्रेमी फ्रान्सच्या युवराज चार्ल्सच्या बाजूचं. दोन्हीकडची पोरं एकमेकांना भिडायची आणि दोम्रेमीची पोरं रक्तबंबाळ होऊन परतायची. हे तिनं पाहिलेलं. 1420 मध्ये त्र्वाच्या तहानं चार्ल्सचा वारसा काढून इंग्लंडच्या राजाला दिला, तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची असेल. संतांचे आवाज तिला ऐकू येऊ लागले ते तेराव्या वर्षाच्या सुमारास. माझ्या मते बाजू आधीच ठरली होती. आवाजांनी तिला कामाला लावलं.

तो बर्गंडीवाला बहुधा झेरार्दँ असावा. गंमत म्हणजे त्याच्या मुलाची ती धर्ममाता होती, बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई. पुढे त्यानं साक्षीत सांगितलं, की ती म्हणाली होती, तू बर्गंडीवाला नसतास तर तुला एक गोष्ट सांगितली असती. त्याला वाटलं, लग्नाबिग्नाचं काही असेल. एवढी घरोब्याची माणसं, आणि मधे पक्ष!

म्हणूनच बर्गंडी आणि इंग्रज यांच्यात ती फरक करते. 17 जुलै 1429 ला राँसला चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. त्याच दिवशी तिनं बर्गंडीच्या ड्यूक फिलिपला पत्र धाडलं: एकमेकांना मनापासून क्षमा करा, लढायचंच असेल तर सारासेनांवर, म्हणजे मुसलमानांवर जा. इंग्रजांशी तह कसला? त्यांनी आपल्या देशी चालतं व्हावं, बस्स.

चार्ल्सवरची निष्ठाही साधी नाही. व्होकुलरच्या किल्लेदाराला तिनं सुरुवातीलाच बजावलं होतं, की राज्य युवराजाचं नव्हे, देवाचं. युवराजानं ते फक्त सांभाळायचं. त्या चार्ल्सनं काय केलं? ती काँपिएनला बर्गंडीवाल्यांच्या हाती सापडली, इंग्रजांनी दहा हजार लिव्र मोजून तिला विकत घेतलं, आणि यानं तिला सोडवायला दमडी काढली नाही. मला या माणसाचा राग येतो. तिला आला नाही. 24 मे 1431 ला सँत-उआंच्या दफनभूमीत प्रवचनकार चार्ल्सला पाखंडी म्हणू लागला, तर समोर मरण दिसत असताना हिनं त्याला मधेच अडवलं: मला काय बोलायचं ते बोला, राजाला नको.

सहा दिवसांनी तिला जाळलं. 1435 मध्ये आरासला चार्ल्सनं फिलिपशी तह केला, फिलिपच्या बापाच्या खुनाबद्दल माफी मागून, वर मुलूख देऊन.