साइट कुठे आहे, साहेब?

छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी उंबरखिंडीची लढाई टेबलावर मांडायची होती. फेब्रुवारी १६६१, मुघल सरदार कारतलब खानाची फौज घाट उतरून कोकणाकडे निघालेली आणि वर झाडीत शिवाजी महाराजांचे मावळे दबा धरून बसलेले. २८ मिलिमीटरचे सैनिक आमच्या गटाने रंगवून ठेवले होते, नियम बसवून झाले होते. नव्हती ती खिंडच. दर खेपेला वेगळी लढाई खेळायची तर एकसंध पट कामाचा नाही. ६० सेंटिमीटरचे चौरस करायचे, सहा जोडले की १८० बाय १२० चं रणांगण, हवं तसं फिरवून मांडा. बेत सोपा होता. घोडं अडलं फोमपाशी.

थर्माकोल यासाठी नको. कापला की मणी सुटतात आणि कडा खेळता खेळता झडते. लागतो तो एक्सपीएस, गच्ची तापू नये म्हणून स्लॅबवर अंथरतात तो घट्ट, बारीक छिद्रांचा फोम. स्टेशनरीवाल्याने हा फरक ऐकूनच घेतला नाही. "थर्माकोल बंद झालंय, दादा." राज्यात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून तो त्या रंगाचं काहीच ठेवत नाही म्हणे. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "फोम म्हणजे गादीचा का?" मॉडेल-साहित्याच्या दुकानात मिळाला, पण वहीच्या पानाएवढा तुकडा आणि भाव असा की सहा चौरसांच्या पैशांत खरीखुरी गच्ची झाली असती.

शेवटी भवानी पेठेतल्या एका प्लायवूडवाल्याने इन्सुलेशनच्या डीलरचा नंबर दिला.

"साइट कुठे आहे, साहेब?"
"साइट नाही, घरी हवाय."
"गच्ची किती स्क्वेअर फूट?"
"गच्ची नाही हो. टेबल आहे."

यावर फोन दुसऱ्याकडे गेला. त्याने पहिल्यापासून तेच विचारलं. १०० स्क्वेअर मीटरखाली माल हलत नाही, टेम्पोचं भाडं वेगळं, जीएसटी नंबर पाठवा. आता हिशोब बघा: १२५० बाय ६०० मिलिमीटरची, ५० मिलिमीटर जाडीची एक शीट दीड किलोसुद्धा भरत नाही. मला हव्या होत्या सात-आठ. स्कूटरवर नीट बांधल्या तर दोन फेऱ्यांत येतील, गोडाऊनचा पत्ता द्या, रोख देतो, असं मी किती परीने सांगितलं! "क्वोटेशन टाकतो" एवढंच उत्तर. क्वोटेशन काही आलं नाही. पुन्हा फोन केला की नवा माणूस आणि पुन्हा साइट कुठे. युद्धखेळ वगैरे समजावायच्या भानगडीत पडू नका, "आर्किटेक्चरचं मॉडेल आहे" म्हणा. निदान समोरचा हसत नाही.

सुटका झाली ती शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर. वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं, कठड्याला निळ्या शीट टेकवून ठेवलेल्या खालून दिसल्या. वर गेलो, मुकादमाला विचारलं. त्याने ठेकेदाराला फोन लावला आणि उरलेल्या शीट मोजून दिल्या, वर कोपरे तुटलेल्या दोन फुकट. "पोराचा किल्ला का?" म्हणाला. हो म्हटलं. जे काम एका माणसाला पाच मिनिटांत जमलं, त्यासाठी ते अख्खं ऑफिस माझी साइट शोधत बसलं होतं.

पुढचं काम मजेचं. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा, त्यामुळे शीटवर शीट चढवली की कडा आणि माची आपोआप उभी राहते. परदेशी व्हिडिओंतले गोलमटोल हिरवे उतार इथे चालत नाहीत. थर दिसू द्या, कडा सरळ तोडा. गरम तारेने कापणार असाल तर बाल्कनीत, धूर वाईट असतो. वाट चौरसाच्या कडेच्या बरोबर मध्यातून आणि एकाच रुंदीने बाहेर काढा, नाहीतर चौरस फिरवल्यावर वाट कड्यावर जाऊन आपटेल. पुठ्ठ्याचा साचा करून ठेवा. थर चिकटवायला पांढरा फेविकॉल, वर दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि धीर. दोन शीटच्या मधोमध हवा पोचत नाही, ते वाळायला दिवस जातात. रबरी वासाचा गोंद आणि स्प्रेचा रंग फोम खातात. स्प्रे मारायचाच तर आधी फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक कालवून एकही भोक न सोडता थर द्या. पाण्याचा रंग वाळताना आक्रसतो आणि पट वाकतो, म्हणून तोच थर खालच्या बाजूलाही हवा.

पुण्यात शोधत असाल तर एप्रिल-मे गाठा. पावसाच्या तोंडावर गच्च्यांची कामं निघतात, मान वर करून चालायचं. मुकादमाकडे जाताना टेप न्या, कारण शीट ६०० रुंद असते, दोन फुटाला जरा कमी. चौरस ६० चाच धरा. १२५० मधून दोन चौरस काढल्यावर पाच सेंटिमीटरची पट्टी उरते, ती टाकू नका. माझ्या खिंडीतले सगळे धोंडे तिचेच आहेत.