मास्तरांची वही आणि दगडावरची नावे

माझ्या पणजीचे माहेर कोणते, एवढा एकच प्रश्न घेऊन मी सहा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दफनभूमीत गेले होते. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर आसपासच्या गावांत ज्या मंडळ्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक सभासदांचे समूह, उभ्या राहिल्या, त्यांपैकी आमची एक. पणजीच्या थडग्यावर शहाबादी फरशीत कोरलेल्या ओळी अजून वाचता येतात. पण त्यांत तिचे नाव, नवऱ्याचे नाव, ‘प्रभूमध्ये निजली’ हे शब्द आणि वर्ष यांपलीकडे काहीही नाही. आपल्याकडे पुरुषाच्या नावाला बापाचे नाव जोडलेले असल्यामुळे त्याची एक पिढी मागे जाता येते, परंतु बाईच्या दगडावर ‘अमुक यांची पत्नी’ एवढेच कोरलेले असते आणि तिचे माहेर तिथेच बुजते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते दगडावर नव्हे, तर एका फुलस्केप वहीच्या झेरॉक्स प्रतीत. आमच्या मिशनशाळेतल्या एका मास्तरांनी निवृत्तीनंतर सायकलवर जाऊन दफनभूमीतले प्रत्येक थडगे वाचले होते आणि त्याखाली स्वतःच्या शब्दांत एक-दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. माझ्या पणजीच्या नावाखाली त्यांनी लिहिले होते की तिचे माहेर वडाळ्याचे, ती मुलींच्या शाळेत शिकलेली आणि दुष्काळात मिशनच्या आवारात आलेल्या पोरक्या मुलांना तिने आपल्या मुलांबरोबर वाढवले. ही माहिती मास्तरांनी कुठून मिळवली असेल, याचा मी पुढे माग काढला. काही मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून, काही ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांतून, आणि बरीचशी त्यांच्या स्वतःच्या आठवणीतून.

या नोंदी इतक्या मोलाच्या का, ते सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्यातल्या युरोपीय ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात असत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत एन-३ या क्रमांकाखाली आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची काळजी वाहणारी स्वतंत्र संस्थाही ब्रिटनमध्ये आहे. आमच्या मराठी माणसांच्या थडग्यांना असा दुसरा आधार नाही. मंडळीचे रजिस्टर, दगड आणि मास्तरांची वही, एवढेच काय ते. आणि रजिस्टरची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्लेली आहेत.

म्हणून मी ठरवले की दफनभूमीची नव्याने नोंद करायची, छायाचित्रे काढायची आणि सर्वांना पाहता येईल अशी ठेवायची. पुण्या-मुंबईला, गुजरातेत आणि परदेशात गेलेल्या घरांतली मुले आपली माणसे शोधत गावी येतात आणि पावसाळ्यात वाढलेल्या गवतातून निराश होऊन परत जातात, हे मी पाहिलेले होते.

तीन हिवाळे मी आणि माझा भाचा हे काम करत होतो. झिजलेला दगड वाचायचा म्हणजे त्यावर खडू किंवा चुना घासायचा, ही पद्धत मी सुरुवातीलाच सोडून दिली, कारण त्याने दगडाचे नुकसान होते. त्याऐवजी सकाळी आठच्या सुमारास तिरपे ऊन असताना भाचा एक मोठा आरसा धरी आणि प्रकाश अक्षरांवर आडवा पाडी; मग मऊ कुंचल्याने माती झटकून, थोडे साधे पाणी फवारून मी वाचत असे. अशा प्रकाशात सपाट वाटणाऱ्या काळ्या दगडावर एकेक अक्षर वर येताना पाहणे हा अनुभव मी कधी विसरणार नाही. तरीही एक अडचण कायम राही. देवनागरी १ आणि ९ यांच्यातला फरक झिजलेल्या दगडावर फार बारीक उरतो. मास्तरांनी एके ठिकाणी १८९९ लिहिले होते. आरशाच्या उजेडात तो शेवटचा आकडा स्पष्टपणे १ होता. बाकी बहुतेक ठिकाणी त्यांचे वाचन माझ्यापेक्षा सरस निघाले, कारण त्यांनी पाहिले तेव्हा दगड तीसेक वर्षांनी नवे होते.

नोंदी तयार झाल्या आणि खरा प्रश्न समोर आला: हे सगळे वाटण्याचा अधिकार मला आहे का? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने उदारपणे पत्र दिले की दफनभूमी मंडळीची आहे आणि मंडळीची काही हरकत नाही. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. मात्र माझ्या एका वकील मैत्रिणीने ते पत्र वाचून विचारले, “जमीन मंडळीची, पण वही कुणाची?”

त्या एका प्रश्नापासून पुढचे आठ महिने गेले. जे मला समजले ते असे. कुणाचा मृत्यू कधी झाला, तो कुणाचा मुलगा होता, कुठे पुरला आहे, ही वस्तुस्थिती आहे आणि तिच्यावर कुणाचाही कॉपीराइट नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संकलने आणि तक्ते यांना ‘साहित्यकृती’ मानले आहे हे खरे; पण सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात स्पष्ट केले की केवळ श्रम आणि पैसा खर्च केला म्हणून कॉपीराइट मिळत नाही, त्यात थोडी तरी सर्जनशीलता आणि निवडीचा विचार दिसला पाहिजे. त्या खटल्यात न्यायालयाच्या निकालांची मूळ संहिता कुणीही छापू शकतो, मात्र संपादकांनी स्वतःच्या विवेकाने घातलेल्या काही गोष्टींना संरक्षण आहे, असे ठरले. अमेरिकेत १९९१ मध्ये कॅन्ससमधल्या एका टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात साधारण हाच विचार आला होता. युरोपात मात्र १९९६ पासून माहितीसंचासाठी निराळा हक्क आहे, ज्यात माहिती गोळा करण्यावर झालेल्या मोठ्या खर्चालाच संरक्षण मिळते. त्यामुळे एका देशात मोकळी असलेली यादी दुसऱ्या देशात मोकळी असेलच असे नाही.

हे सगळे मास्तरांच्या वहीला लावून पाहिले तेव्हा चित्र स्वच्छ झाले. वहीतली नावे आणि सालांची रांग कुणाचीही नव्हती. पण नावाखालच्या त्या ओळी मास्तरांच्या होत्या, त्यांच्या शब्दांतल्या, त्यांनी निवडलेल्या. मास्तर २००३ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो, आणि मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनावर प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे; म्हणजे त्या ओळींवर निदान २०६३ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा हक्क आहे. त्यासाठी कुठे नोंदणी केलेली असणे जरुरीचे नसते. लिहिले त्या क्षणी हक्क निर्माण होतो. दगडांच्या छायाचित्रांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना प्रवेश असलेल्या जागी कायम बसवलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्याला कायद्याच्या ५२ व्या कलमात मुभा आहे, आणि छायाचित्रे मीच काढलेली होती.

याच काळात एक गोष्ट घडली. ओळखीच्या एकाने मला आमच्या दफनभूमीतल्या थडग्यांची एक यादी पाठवली, जी कुणी तरी पैसे घेऊन लोकांना विकत होता. तिच्यावर त्याचे नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’ असे शब्द होते. मी ती उघडली आणि माझ्या पणजीच्या नावाखाली मास्तरांचेच वाक्य अक्षरशः दिसले. १८९१ च्या जागी १८९९ ही चूकही तशीच होती. दगडापर्यंत तो माणूस गेलेलाच नव्हता. मला अतिशय राग आला; माझ्या श्रमांसाठी नव्हे, कारण त्यात माझे काही नव्हते, तर उन्हातान्हात सायकल मारणाऱ्या त्या माणसाचे नाव एका ओळीतही घेतले नव्हते म्हणून.

मास्तरांना दोन मुली आणि एक मुलगा. तिघेही वारस, म्हणून तिघांचीही संमती हवी होती. मुलगा नाशिकला, धाकटी मुलगी ऑस्ट्रेलियात. त्या दोघांनी फोनवरच होकार दिला. थोरली मुलगी पुण्यात, वय एक्याऐंशी. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांच्याकडे मी तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा त्यांनी चहा दिला, वडिलांच्या गोष्टी सांगितल्या आणि सहीचा विषय निघाला की गप्प झाल्या. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “बाबांची वही एकदा लोकांना दिली, तर काय झालं ते तूच मला दाखवलंस. आता परत देऊ?” यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी त्यांना एवढेच सांगितले की वही कुलपात राहिली तरी तिच्या झेरॉक्स प्रती फिरतच आहेत, आणि त्या प्रतींवर बाबांचे नाव नाही; आपण नावानिशी बाहेर काढली तर निदान लोकांना कळेल की हे कुणी लिहिले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “प्रत्येक पानावर लिहिशील?” मी हो म्हटले.

संमतीपत्राचा मसुदा हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत कोरडा पण सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि असे काम हाती घेणाऱ्यांनी तिकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. मी आधी लिहिलेले पत्र चार ओळींचे होते: आमची हरकत नाही, आपण नोंदी प्रसिद्ध कराव्यात. मैत्रिणीने ते बाजूला ठेवले. आपल्या कायद्यात परवानगी लेखी हवी असते, आणि तीत मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर ती भारतापुरतीच मानली जाते. ज्या यादीचे निम्मे वाचक परदेशात असणार, तिच्यासाठी अशी परवानगी जवळपास निरुपयोगी ठरली असती. म्हणून आम्ही पत्रात कोणती वही, किती पाने, कोणत्या स्वरूपात, हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, मोबदला न घेता आणि मास्तरांचे नाव देण्याच्या अटीवर, असे सगळे स्वच्छ लिहिले. हक्क वारसांकडेच राहिला. आम्हाला मिळाली ती वापरण्याची परवानगी. हे पत्र सोप्या मराठीत लिहून मी मावशींना मोठ्याने वाचून दाखवले, आणि दोन ठिकाणी त्यांनी शब्द बदलायला लावले.

माझ्या छायाचित्रांसाठी आणि नव्याने वाचलेल्या नोंदींसाठी मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपले काम ठरलेल्या अटींवर कुणालाही वापरू देणारा, श्रेय देण्याची अट असलेला परवाना निवडला. व्यापारी वापराला मनाई करावी, असे भाच्याचे म्हणणे होते. त्याचा मुद्दा मला समजत होता, परंतु एखाद्याने मंडळीचा इतिहास लिहून छापील पुस्तक काढले आणि त्याची शंभर रुपये किंमत ठेवली तर त्यालाही अडवावे, हे मला पटले नाही. दुसरा प्रश्न होता कुठे ठेवायचे. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ हे जगभरच्या थडग्यांच्या नोंदींचे संकेतस्थळ १९९५ मध्ये एका माणसाने सुरू केले आणि २०१३ मध्ये ते ‘अॅन्सेस्ट्री’ या मोठ्या कंपनीने विकत घेतले. अशा ठिकाणी नोंद ठेवायला हरकत नाही, शोधणाऱ्याला ती तिथे सहज सापडते. पण मालक बदलला की आपली नोंदही नव्या मालकाकडे जाते, म्हणून मूळ प्रत आपल्याकडे असलीच पाहिजे. मी छायाचित्रे आणि दगडावरचा मजकूर तिथे ठेवला, आणि मास्तरांच्या ओळींसह संपूर्ण यादी मंडळीकडे ठेवून तिची प्रत मागेल त्याला मोफत देण्याची व्यवस्था केली.

एक चूक माझ्याकडून झाली. अलीकडच्या एका थडग्यावर संगमरवरात खाली ‘दुःखी परिवार’ म्हणून पत्नी, मुलगे, सुना आणि नातवंडांची नावे कोरलेली होती. मी ते छायाचित्रही इतरांबरोबर ठेवले. दोन आठवड्यांनी त्या घरातल्या सुनेचा फोन आला. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण तिला धक्का बसला होता. लहान मुलीचे नाव परक्या माणसांना दिसते आहे, हे तिला सहन होत नव्हते. त्या छायाचित्रावर कायद्याने माझा हक्क होता. मी ते त्याच संध्याकाळी काढले आणि दुसऱ्या दिवशी घरी जाऊन क्षमा मागितली. तेव्हापासून गेल्या ३० वर्षांतले कुठलेही थडगे घरच्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय आम्ही ठेवत नाही, आणि जिवंत माणसांची नावे झाकतो.

यादी विकणाऱ्या गृहस्थांना आम्ही वारसांच्या सहीने पत्र पाठवले. त्यात नावे आणि साले काढून टाका असे म्हटले नाही, कारण ती मागण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. मास्तरांच्या ओळी काढा, किंवा त्यांचे नाव देऊन आणि पैसे न घेता ठेवा, एवढेच मागितले. महिनाभर उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रानंतर त्यांनी ओळी काढल्या. काही दिवसांनी त्यांचाच निरोप आला की १८९९ चूक आहे असे कुणी तरी कळवले आहे, खरे साल कोणते? मी त्यांना आरशाच्या उजेडात काढलेले ते छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले: १८९१, मूळ नोंद मास्तरांची, दुरुस्ती दगडावरून.