एक्केचाळिसावा दिवस

मंगळवार, रात्री

आज पाळी आली. गर्भपाताचा रक्तस्राव सुरू झाला त्या दिवसापासून मोजलं तर एक्केचाळिसाव्या दिवशी. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने बारीक टिंब काढलं. एरवी हे टिंब काढताना 'आत्ताच यायचं होतं का' एवढंच मनात यायचं. या वेळी मी तिची वाट बघत होते, आणि आली तर बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नववा आठवडा होता. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. गोळ्यांनीच पिशवी रिकामी झाली, क्युरेटिंग करून साफ करावी लागली नाही. दहा दिवस अंगावरून गेलं, मग नुसते डाग. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, एचसीजी, म्हणजे गर्भारपणाचं हार्मोन, उतरलं की चक्र सुरू होईल, चार ते आठ आठवडे धरून चाला. तेव्हा ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. विसाव्या दिवशी कपाटात उरलेलं प्रेग्नन्सी टेस्टचं किट काढून बघितलं. फिकट का होईना, दोन रेघा! ती पट्टी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. आशा नव्हती ती. माझ्या शरीराला अजून कुणी कळवलंच नाही, असं वाटलं.

आज पहिल्याच दिवशी गाठी. द्राक्षाएवढ्या. पूर्वी मी कधी बघायचेही नाही, आता प्रत्येक गाठ वाकून बघते. काय शोधते, ते इथेही लिहवत नाही. कळा मांड्यांपर्यंत उतरतात. दुपारी घाबरून डॉक्टरबाईंना फोन केला.

"तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय? सलग दोन तास? ताप? घाण वास?"

नाही. नाही. नाही.

"मग पहिली पाळी अशी जड जाऊ शकते. पुढच्या एक-दोन मागेपुढे होतील. हिमोग्लोबिन तेवढं करून घ्या."

ऑफिसात मी चार दिवसांची सिक लीव्ह टाकली होती, 'पोटाचा त्रास' म्हणून. कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, हे मागाहून कळलं. सांगायला हवं होतं कुणीतरी. पण मी तरी कुठे कुणाला सांगितलं होतं?

आई म्हणते, कच्चं बाळंतपण पक्क्यापेक्षा जास्त जपावं लागतं. तिने डिंकाचे लाडू पाठवलेत. बाळंतिणीला ती आळिवाचेही करते, दूध यावं म्हणून. या डब्यात ते नव्हते. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

रात्री ह्याने टिंब बघितलं. काही न बोलता गरम पाण्याची पिशवी भरून आणली.

दिवस राहिले तेव्हा अर्ध्याचं एक लिटर दूध सुरू केलं होतं. अजून तेवढंच येतंय. भय्याला कमी कर म्हणायचं रोज राहून जातं. उरलेल्याला विरजण लावते. आत्ताही लावलंय.