तुम्ही विचारलंत म्हणून: घोडाच का?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "सर्पदंशाचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून काढतात म्हणे. खरंय? आणि घोडाच का?"

खरंय. पण कारण समजायला सापाआधी घटसर्पाकडे, म्हणजे डिप्थीरियाकडे जावं लागतं. या रोगात पोराच्या घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो. जंतू मात्र बहुतेक घशातच राहतात. हृदयापर्यंत पोचतं ते त्यांचं विष. 1888 मध्ये पॅरिसचे शास्त्रज्ञ एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सँ यांनी ते दाखवून दिलं. दोन वर्षांनी बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताला न जुमानणाऱ्या सशाचं रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पातळ भाग, उंदरांना टोचलं, आणि उंदीरही वाचले. विषाचा उतारा त्या रक्तद्रवात होता. 1901चं वैद्यकातलं पहिलंवहिलं नोबेल एकट्या बेरिंगला मिळालं. कितासातोला का नाही, हे मला अजून खटकतं.

पण सशात रक्त ते किती असणार! रूने घोडे धरले. आधी क्षीण केलेलं विष, मग जरा जहाल, असं काही महिने टोचत न्यायचं, म्हणजे घोड्याच्या रक्तात उतारा तयार होतो. मग मानेच्या शिरेतून काही लिटर रक्त काढून बरणीत ठेवून द्यायचं. गुठळी खाली बसते, वर पिवळसर, निवळ द्रव येतो. तेच सीरम. जनावर शांत, रक्त भरपूर, आणि काही दिवसांनी पुन्हा द्यायला तयार. 1894 मध्ये रूने बुडापेस्टच्या परिषदेत आकडे मांडले: पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात घटसर्पाने शंभरातली 50च्या वर मुलं दगावायची, ती 25च्या आसपास आली.

तरी माझ्या लेखी या कथेतला मोठा माणूस म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख. बाटलीगणिक सीरमची ताकद बदलायची. त्याने ती मोजायचं एकक ठरवलं, तेव्हा कुठे डॉक्टरला मात्रा कळली.

घोड्याची दुसरी बाजूही होती. 1901 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला, आणि त्याचं सीरम न तपासताच वाटलं गेलं. 13 मुलं गेली. पुढच्याच वर्षी तिथे अशा औषधांवर सरकारी देखरेखीचा कायदा झाला.

आणि सीरम सगळीकडे चाललं असंही नाही. हेच येर्सँ 1897 मध्ये प्लेगचं सीरम घेऊन मुंबईत आले, पण गुण फारसा आला नाही. प्लेगचा जंतू कोपऱ्यात बसून नुसतं विष सोडत नाही, तो रक्तात फोफावतो. त्याच सुमारास शास्त्रज्ञ हाफकिन इथेच प्लेगची लस टोचत होते. लशीने शरीर स्वतः तयारी करतं. सीरम म्हणजे उसनी फौज, काही आठवड्यांत परत जाणारी.

साप चावल्यावर मात्र आठवडे कोणाकडे असतात? म्हणून नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं औषध आजही घोड्याकडूनच येतं. काहींच्या अंगाला ते परकं रक्तद्रव मानवत नाही. म्हणून सलाइनमधून ते सोडताना डॉक्टर अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे जोरदार अ‍ॅलर्जी आवरणारं औषध, हाताशी ठेवतात.