चार्जरचा हिरवा दिवा आणि मेलेली ई-सायकल बॅटरी

पावसाळाभर पडून राहिलेल्या ई-सायकलचा डिस्प्ले लागत नाही आणि चार्जर जोडला तरी दिवा हिरवाच राहतो. हिरवा म्हणजे बॅटरी भरली असं नाही. चार्जरमधून करंट जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

स्विच बंद करा, चार्जर काढा आणि किल्लीने खटका सोडवून बॅटरी रुळावरून सरकवा. अडकली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, केस तडकते. आधी फ्यूज तपासा. काही वेळा तेवढंच निघतं.

फ्यूज ठीक असेल तर केस उघडायची. हातातलं कडं-अंगठी काढून ठेवा, कारण बीएमएस (बॅटरीतलं चार्जिंगवर नजर ठेवणारं, गरज पडली तर पुरवठा तोडणारं सर्किट) मेला तरी सेलमधला करंट जिवंत असतो. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे १० गट एकापुढे एक जोडलेले असतात, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. एकूण व्होल्टेजवर निर्णय घेऊ नका. ३० व्होल्ट दिसले तरी नऊ गट ३.२ वर आणि एक १.२ वर असू शकतो, आणि तो एकच गट सगळा पॅक निकामी करतो. बीएमएसच्या बारीक तारांच्या कनेक्टरवर शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने एकेक गट मोजा. प्रोब घसरला तर ठिणगी उडते, म्हणून टोकाचा थोडाच भाग उघडा ठेवून बाकीवर टेप गुंडाळा.

सगळे गट ३ व्होल्टच्या वर आणि बाहेरच्या टोकांवर शून्य, तर बीएमएस फक्त अडकलाय. चार्जर लावला की बऱ्याचदा सुटतो. एखादा गट २ ते ३ च्या मध्ये असेल तर तो एकटाच, हळू भरायचा: बेंच पॉवर सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा ठरवता येणारं टेबलावरचं यंत्र) ३.३ व्होल्टवर, करंटची मर्यादा ०.२ अँपिअर, क्लिपा त्या गटाच्या दोन्ही टोकांच्या, सेल जोडणाऱ्या निकेल पट्ट्यांवर, प्लस-मायनस दोनदा बघून. सेल कोमट झाला किंवा व्होल्टेज चढेना तर थांबा.

२ च्या खाली बराच काळ राहिलेला गट मी तरी भरत नाही. तिथे अ‍ॅनोडमागचा, म्हणजे सेलच्या मायनस बाजूचा, तांब्याचा पत्रा विरघळतो. पुन्हा भरताना ते तांबं सेलच्या आत साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. ‘बीएमएसला वळसा घालून सरळ चार्जर जोडा’ हा सल्ला घरं जाळणारा आहे: चार्जर ४२ व्होल्टला थांबतो, पण एका गटात कमी भरलं तर बाकीचे ४.२ च्या वर जातात आणि त्यांना अडवायला कुणी नसतं.

सगळे गट एका पातळीवर आले की बॅटरी आठवडाभर तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. एखादा गट बाकीच्यांपेक्षा ०.०५ व्होल्टहून जास्त उतरला तर त्याचा चार्ज आतल्या आत गळतोय. सेल बदला किंवा पॅक सोडून द्या. पहिलं पूर्ण चार्जिंग गॅलरीत, फरशीवर, डोळ्यांसमोर, रात्री नको. टाकायचा पॅक कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नका. टोकांना टेप लावून विक्रेत्याकडे परत द्या. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.